उरलेसाहेब

आमच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे उरलेसाहेब म्हणायचे. आडनाव अर्थातच वेगळं होतं. पण रिसेप्शनला नवीन आलेल्या मुलीला ते खरंच वाटलं आणि तिने एका लिफाफ्यावर ठळक अक्षरांत ‘श्री. उरले यांस’ असं लिहून तो त्यांच्या टेबलावर ठेवला. आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनआडून बघत होतो. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून लिफाफा वाचला, आतला कागद काढून घेतला आणि रिकामा लिफाफा ड्रॉवरमध्ये नीट ठेवून दिला. "रायगडकडचं आडनाव वाटतं," एवढंच म्हणाले.

नाव पडलं ते त्यांच्या प्रश्नावरून. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस होतं. पूल, पाण्याच्या टाक्या, मोठ्या पाइपलाइनी अशी कामं कंपनी घ्यायची. कुठलं काम कधी सुरू होईल, कधी संपेल, कशामुळे लांबू शकेल, हे मांडून ठेवणं हे आमच्या विभागाचं काम. विभाग म्हणजे ते आणि मी. साइटवरून फोन यायचा की अमुक काम साठ टक्के झालं. साहेब विचारायचे, उरलं किती? समोरचा साहजिकच म्हणायचा, चाळीस टक्के. मग साहेब शांतपणे सांगायचे की टक्के नकोत, दिवस सांगा, आणि त्या दिवसांत नेमकं काय काय करणार तेही सांगा. तिकडून उत्तर यायचं, बघून सांगतो. कारण झालेलं काम डोळ्यांसमोर असतं, त्याचे फोटो काढता येतात. उरलेलं काम कोणी बघायलाच गेलेलं नसायचं.

हा प्रश्न विचारायची त्यांची सवय कुठेही सुटायची नाही. कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं की जेवण चाललंय, तर ते डब्यात डोकावून म्हणायचे, "दोन पोळ्या आणि भात. म्हणजे आठ मिनिटं." आणि आठ मिनिटांनी बोलवायला यायचे. अंबरनाथला एका सहकाऱ्याच्या लग्नात ते बराच वेळ दिसेनात. शेवटी मंडपामागे आचाऱ्याशी बोलताना सापडले. पुऱ्यांचं पीठ अजून किती मळायचंय, हे विचारत होते. आचारीही रंगात येऊन त्यांना समजावत होता की पुऱ्या तळायला वेळ लागत नाही, खरा वेळ जातो तो तेल तापण्यात. साहेबांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर वेळापत्रकाचा भलामोठा कागद चिकटवलेला असायचा. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. त्या सगळ्या पट्ट्यांवरून वरपासून खालपर्यंत एक लाल दोरा, दोन टाचण्यांना ताणून बांधलेला. दोरा म्हणजे आज. दर गुरुवारी सकाळी साहेब स्टुलावर चढून तो दोरा सात दिवस उजवीकडे सरकवायचे. दोऱ्याच्या डावीकडे जे आहे ते झालेलं असलंच पाहिजे आणि उजवीकडे जे आहे ते राहिलेलं असलंच पाहिजे, असा त्यांचा नियम. डावीकडे एखादी पट्टी न रंगवलेली राहिली तर ते खाली उतरायचेच नाहीत. स्टुलावर उभे राहूनच साइटवर फोन लावायचे. हे सगळं कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये होतं, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "होतं ना. म्हणूनच कोणी बघत नाही."

मी तेव्हा नुकतीच डिग्री घेऊन लागलेले. घर दिव्याला, लोकलने ठाण्याच्या पुढे. चौथ्या मजल्यावर एक खोली, आई आणि मी. नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही बोटाएवढ्या धारेने, आणि दोन निळे पिंप भरेपर्यंत आईला तिथून हलता यायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

माझी पहिली चूक त्यांनी कशी दाखवली ते अजून आठवतं. आमच्याकडे धोका मोजायचं एक सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक कामाला तीन आकडे द्यायचे: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि वाईटात वाईट झालं तर किती. मग कॉम्प्युटर तो अख्खा प्रकल्प हजार वेळा खेळून बघतो. दर वेळी प्रत्येक कामासाठी जणू फासे टाकतो, कधी काम लवकर संपतं, कधी उशिरा. शेवटी सांगतो की ठरलेली तारीख शंभरातून इतक्या वेळा गाठली. मी सगळ्या कामांना तीन तीन आकडे देऊन रिपोर्ट काढला आणि खूश होऊन त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेन्सिलीने एका कामावर खूण केली. तो एक खांब होता, महिन्यापूर्वी उभा राहिलेला.

"हा खांब अजून लांबू शकतो?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. ते म्हणाले, परवा अंबरनाथला झालेलं लग्न उद्या लांबणीवर पडेल का? मग मला हसू आलं. झालेल्या कामांसाठीही माझा कॉम्प्युटर फासे टाकत बसला होता. कधी तो खांब पंधरा दिवसांत उभा करत होता, कधी चाळीस दिवसांत, आणि खांब तर केव्हाचा उभा होता. साहेबांनी मला समजावलं की कामाच्या तीन अवस्था असतात. झालेल्या कामात अनिश्चित काही नसतं, चांगलं-वाईट जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सुरूच न झालेल्या कामात सगळंच अनिश्चित असतं आणि ते निदान सगळ्यांना माहीत असतं. तिसरं चालू काम. त्याच्या फक्त उरलेल्या भागासाठी फासे टाकायचे. "आणि माणसं फसतात ती इथे," ते म्हणाले. का फसतात, हे मात्र त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. ते स्वतःहून कळावं अशी त्यांची इच्छा असावी, किंवा तेवढ्यात चहा आला असेल.

सगळ्यांना ते आवडायचे असं नाही. आमचे एक ड्राफ्ट्समन होते, त्यांचे वडील कल्याणला हॉस्पिटलमध्ये होते. एक दिवस ते ऑफिसात येऊन सांगत होते की डॉक्टर म्हणाले, सत्तर टक्के धोका टळला. साहेब पटकन बोलून गेले, "आणि उरलंय काय?" त्यांनी ते वाईट अर्थाने विचारलेलं नव्हतं, सवयीने विचारलं. पण ड्राफ्ट्समनचा चेहरा पडला. वडील चार दिवसांनी गेले. त्यानंतर ड्राफ्ट्समनने साहेबांबरोबर डबा खाणं सोडलं. साहेबांनी माफी मागितली नाही. मागायची कशी हेच त्यांना कळत नसावं. पण पुढे कितीतरी महिने ते आपला डबा उघडायच्या आधी समोरच्या खुर्चीकडे एकदा बघायचे.

डोंबिवलीला त्यांच्या घरी मी दोन-तीनदा गेले होते. त्यांच्या बायको शाळेत गणित शिकवायच्या. मी बाईच म्हणायचे. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. यांच्या मते काम चालू आहे." साहेब आत खिडकीचा पडदा लावत होते. तिथूनच म्हणाले की मग काय, पूर्ण झालं असं लिहायचं का? बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

आता दिव्याच्या पाइपलाइनचं सांगते.

आमच्या भागाला वाढीव पाणी द्यायला खाडीवरून नवी मोठी पाइपलाइन टाकायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं. खाडीत बारा पाइल घालायचे होते. पाइल म्हणजे चिखलातून खाली खडकापर्यंत भोक पाडून त्यात भरलेला काँक्रीटचा खांब. त्यावर छोटा पूल आणि पुलावर पाइप. जुनी लाइनही तिथूनच जायची. गंजलेली, गळकी, पण आमच्या दोन पिंपांचं पाणी त्याच लाइनमधून यायचं. काठावर जिथे नवी लाइन जोडायची, नेमकी तिथेच जुनी आडवी येत होती. म्हणजे जुनी तोडल्याशिवाय नवी जोडता येणार नव्हती, आणि एकदा तोडली की परत जोडायची सोय नव्हती. मधले दिवस टँकरवर. ते आठ-दहा दिवस असतील तर लोक काढतील. महिने झाले तर काय होईल, हे दिव्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दहा पाइल झाले तेव्हा प्रकल्पाचे प्रमुख घाईला आले. जुनी लाइन तोडणारी टोळी मोकळी होती, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नव्हतं. उरलेले दोन पाइल चालू असतानाच तोडायचं काम उरकून घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. मंगळवारी त्यांनी विचारलं की धोक्याचा हिशोब काय म्हणतो. साहेब बुधवारपर्यंत रजेवर होते, बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हणून मीच साइट इंजिनिअरला फोन केला. प्रशांत नावाचा मुलगा, माझ्याच वयाचा, स्वभावाने सरळ. तो म्हणाला, पाइलिंग चालू आहे, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के झालंय. मी ‘चालू’ लिहिलं, टक्के भरले, उरलेले दिवस कॉम्प्युटरने काढले. हजार खेळ झाले. शंभरातून नव्वदच्या वर वेळा तारीख गाठली जात होती.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आकडा तपासून बघावा असं एकदाही मनात आलं नाही. घरी जाऊन मी आईला तारीख सांगितली, आईने जिन्यातल्या बायकांना सांगितली, आणि दोन दिवसांत आमच्या इमारतीत ती तारीख सणासारखी ठरून गेली.

गुरुवारी साहेब आले. स्टुलावर चढले, दोरा सरकवला आणि तिथेच थांबले. मला विचारलं, अकरावा पाइल सुरू झालाय का. मी म्हटलं, पाइलिंग चालू आहे सर, पंच्याऐंशी टक्के.

"पाइलिंग नाही विचारलं. अकरावा विचारला."

मला माहीत नव्हतं. त्यांनी स्टुलावरूनच प्रशांतला फोन लावला. प्रशांत म्हणाला, मशीन अकराव्याच्या जागेवर आणून ठेवलंय. साहेब म्हणाले, आणून ठेवलंय की सुरू केलंय? आणून ठेवलंय, तो म्हणाला. साहेब खाली उतरले, दोऱ्याची टाचणी तशीच हातात, आणि मला म्हणाले, चल.

ऑफिसच्या जीपने आम्ही खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. दहा पाइल एका रांगेत उभे होते. अकराव्याच्या जागी तराफ्यावर मशीन थांबलेलं. ऑपरेटर सावलीला बसला होता. चार दिवस झाले, असं त्याने सांगितलं. खाली उतरवलं की भोक पाडायचं हत्यार एका बाजूला सरकतं, म्हणून वरून काही सांगतील याची तो वाट बघत होता. प्रशांतने सांगितलं की दुसरं हत्यार मागवलंय, येईल दोन दिवसांत, त्यात कळवण्यासारखं काही वाटलं नाही. साहेब त्याच्यावर चिडले नाहीत. वाकून चिखलाकडे बघत राहिले. पहिले दहा पाइल दोन्ही काठांजवळच्या घट्ट जागेत होते, उरलेले दोन प्रवाहाच्या मध्यावर. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. उरलेलं काम हे झालेल्या कामासारखंच असेल असं कॉम्प्युटर धरून चालला होता, आणि मीही.

काठावर कोळीवाड्यातले एक म्हातारे काका जाळं पसरून त्यातला कचरा वेचत होते. साहेब सरळ त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. आधी जाळ्याबद्दलच विचारत राहिले: कुठे टाकता, काय मिळतं, कुठे टाकत नाही. पांढरी पँट चिखलाने माखली. मी उभीच होते. कुठे टाकत नाही, या प्रश्नावर काकांनी मान वर केली आणि मशीनच्या दिशेने हात केला. तिथं जाळं फाटतं, म्हणाले. का फाटतं, साहेबांनी विचारलं.

"आमचे लहानपनी रेतीचा बार्ज बुरला तिथं. लोखंडाचा. कोनी कारला नाय, गेला चिखलान खाली."

रेती वाहायचा लोखंडी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी बोट, बुडालेला, आणि बरोबर आमच्या अकराव्या पाइलच्या जागी. साहेबांनी विचारलं, हे तुम्ही आमच्या माणसांना सांगितलं नाही का. काका म्हणाले, "मना कोनी इचारलाच नाय." आणि पुन्हा जाळ्यातून प्लॅस्टिक काढायला लागले.

परत येताना साहेब अगदी खुलले होते. इतका गंभीर प्रकार होऊन माणूस खूश कसा, मला कळेना. ते म्हणाले की आता आपल्याला एक गोष्ट माहीत आहे जी सकाळी माहीत नव्हती, याहून चांगला दिवस कुठला. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून वेळापत्रक सुधारायला लावलं. ‘पाइलिंग’ नावाची एकच पट्टी होती, तिचे तुकडे केले. पहिले दहा पाइल: झाले, फासे बंद. अकरावा: सुरू नाही. बारावा: सुरू नाही. तळाशी अडथळा लागायचा धोका आम्ही आधी उरलेल्या दिवसांच्या टक्क्यांत मांडला होता. कागदावर काम पुढे गेलं तसे उरलेले दिवस कमी झाले आणि त्यांच्याबरोबर धोकाही आपोआप आकसत गेला. खाडीत मात्र तो होता तेवढाच होता. आता तो अकराव्या पाइलला स्वतंत्र बांधला: बार्ज आडवा आला तर इतके आठवडे, नाही आला तर शून्य.

हजार खेळ झाले आणि स्क्रीनवर जे चित्र आलं तसं मी कधी पाहिलं नव्हतं. नेहमी एक टेकडी दिसते, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरती. या वेळी दोन टेकड्या दिसत होत्या, आणि मधे सपाट मोकळी जागा. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. एक टेकडी बार्ज न लागणाऱ्या खेळांची, दुसरी लागणाऱ्या. दुसरी मोठी होती आणि फार लांब होती. मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "आणि सरासरी काढली तर ती इथे येते. जिथे काहीच होणार नाहीये."

मी त्या चित्राकडे बघत होते आणि मला आमचा जिना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. साहेबांनी सांगितलं की अकरावा पाइल खडकाला लागेपर्यंत जुनी लाइन तोडू नये. प्रमुख भडकले. मंगळवारी नव्वद आणि शुक्रवारी तीस, हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर अख्खं काम थांबवायचं का, टोळी गेली तर परत कोण आणणार. साहेबांचा आवाज मुळातच बारीक, त्यात ते घाबरले की खाली बघून बोलायचे. ते खाली बघूनच म्हणाले की तोडायच्या कागदावर मी सही करणार नाही. मग प्रमुख माझ्याकडे वळले.

"तू सांग. मंगळवारचा रिपोर्ट तुझा आहे. तो चूक होता का?"

सोपं उत्तर होतं माझ्याकडे. प्रशांतने जे सांगितलं ते मी लिहिलं, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. प्रशांत समोरच बसला होता, त्याने मान खाली घातली. नोकरीला मला वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, "हो, चूक होता. जे काम सुरूच झालेलं नव्हतं ते मी चालू लिहिलं. मला ती तारीख हवी होती, म्हणून मी विचारलं नाही." आणि मग, का कोण जाणे, हेही सांगून टाकलं की मी दिव्याला राहते आणि आमच्या घरी जुन्याच लाइनचं पाणी येतं.

प्रमुखांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले, ठीक आहे, अकराव्यापर्यंत थांबू.

ऑफिसात निभावलं, पण घरी मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तारीख पुढे गेली म्हटल्यावर जिन्यातल्या बायका आईला टोमणे मारायला लागल्या. तुझी मुलगी तिथे आहे ना, मग असं कसं. आई माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. पण एकदा सहज बोलताना कळलं असावं, कारण त्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. पत्ता विचारत विचारत आले होते. चार मजले चढून धाप लागलेली. आईने पाण्याचा ग्लास दिला. अर्धा पिऊन त्यांनी तो खाली ठेवला, मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या दोन पिंपांकडे गेली आणि त्यांनी ग्लास उचलून उरलेलं पाणी संपवलं.

त्या दिवशी पाण्याचा वार होता. घरच्या बारीक धारेने भागायचं नाही, म्हणून खालच्या नळावर बायका जमल्या होत्या. साहेब तिथे गेले आणि म्हणाले की तारीख मी पुढे ढकलली, हिची काही चूक नाही. मग बार्ज, पाइल, जुनी लाइन हे सगळं समजावत बसले. मला शेजारी उभं राहून मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. पण बायका ऐकत होत्या. एकीने मधेच विचारलं की लाइन तोडल्यावर खाडीत ते लोखंड निघालं असतं तर आम्ही काय प्यालो असतो. साहेब म्हणाले, "तेच." शेवटी पहिल्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंनी हंडा कमरेवर घेत विचारलं, "साहेब, बाकी राहू द्या. पाणी येणार का नाही, एवढं सांगा."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या तोंडून एकही सरळ उत्तर ऐकलेलं नव्हतं. ते नेहमी म्हणायचे, अमुक ते तमुकच्या दरम्यान, शंभरातून इतक्या वेळा.

"येणार," ते म्हणाले.

स्टेशनकडे चालताना मी विचारलं की सर, हे कुठल्या हिशोबाने सांगितलंत. ते थोडे ओशाळले. म्हणाले की हिशोबात हे बसत नाही, पण ती बाई कमरेवर हंडा घेऊन तीन मजले चढणार होती. मी म्हटलं, शिंदेकाकू पहिल्या मजल्यावर राहतात. ते म्हणाले, असं होय, आणि हसले.

पुढच्याच आठवड्यात मशीनचं हत्यार लोखंडाला लागलं. बार्जच होता. पाइलची जागा बदलावी लागली, त्यासाठी नवं डिझाइन, नव्या परवानग्या, मग पावसाळा आडवा आला. काम आमच्या दुसऱ्या टेकडीच्याही पलीकडे गेलं. इतकं लांबेल असं हजारातल्या एकाही खेळाने दाखवलेलं नव्हतं. साहेबांना ते लागलं. रोज तो जुना रिपोर्ट काढून बघायचे, परवानग्यांना आपण फार कमी दिवस धरले म्हणायचे. त्या सगळ्या महिन्यांत जुनी लाइन गळत गळत का होईना चालू राहिली आणि आमचे दोन पिंप भरत राहिले. याबद्दल त्यांना कोणी काही म्हटलं नाही. जे घडलंच नाही त्याचे आभार कोण मानणार. प्रशांत तेवढा एकदा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मग त्यांच्यासाठी आणलेला वडापाव ठेवून गेला.

काम संपायच्या आधीच साहेब रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी भाषण करायला सांगितलं तर उभे राहिले, घाम पुसला आणि बसले. ड्राफ्ट्समन पुढे झाले, त्यांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि तसाच हात त्यांच्या खांद्यावर ठेवून बराच वेळ उभे राहिले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

नवी लाइन जोडली गेली ती डिसेंबरात. पहिलं पाणी सकाळी दहाच्या सुमाराला येणार होतं आणि मी साइटवर होते, काठावर व्हॉल्व्ह उघडताना. घरी काय झालं ते मला आईने नंतर सांगितलं. नळाने आधी नुसती हवा सोडली, मग गढूळ पाणी, मग अशी धार आली की बादली सरकून भिंतीला लागली. आईला काय करावं सुचेना. माझा फोन लागत नव्हता. मग तिने डोंबिवलीला साहेबांना फोन लावला. नंबर मीच कधीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. तिने नाव सांगितलं, म्हणाली, साहेब, ऐका, आणि फोन नळाजवळ धरला.

तिकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला असं वाटून आईने तो कानाला लावला, तर साहेब होते. नुसता श्वास ऐकू येत होता. तिने परत फोन नळाजवळ नेला. बादली भरून वाहायला लागली, पाणी मोरीतून उंबऱ्यापर्यंत आलं, तरी तिने हात तसाच धरून ठेवला होता.

मग साहेबांचा बारीक आवाज आला. "ऐकलं हो," ते म्हणाले. "आता नळ बंद करा. वाया जातंय."